गोळी आहे; दार कोठे आहे?

एडवर्ड जेन्नरने देवीची लस १७९६ मध्ये टोचून दाखविली आणि देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. मधल्या १८४ वर्षांत लसीमागील मूळ कल्पना बदलली नाही. बदलावे लागले ते लस माणसांपर्यंत नेण्याचे मार्ग. रोगप्रतिबंधाच्या इतिहासाने हा धडा पुनःपुन्हा गिरवला आहे. औषध सिद्ध होणे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हाती ते पडणे, या दोन घटनांमध्ये फार मोठे अंतर असते. ते कापण्याचे सामर्थ्य रसायनशास्त्रात नाही. कायदा, किंमत, लोकलज्जा आणि दवाखान्याच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाची नजर यांनी ते अंतर बनलेले असते.

एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळीची कथा ही या धड्याची अलीकडची आवृत्ती होय. ब्राझीलमधील तीन शहरांत २०१९ पासून झालेला एक प्रयोग या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. त्या देशात गोळी उपलब्ध होती, ती मोफत देण्याची सरकारची तयारी होती, कायदाही पुष्कळ अंशी अनुकूल होता. तरीसुद्धा पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या समलिंगी मुलांपर्यंत आणि पारलिंगी मुलींपर्यंत ती नेण्यासाठी तेथील जाणत्यांना एक वेगळेच दार बांधावे लागले. ते का बांधावे लागले आणि कसे बांधले गेले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम या गोळीविषयी. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे एचआयव्हीची लागण झालेल्या रुग्णांच्या उपचारासाठी वापरात होती. हीच औषधे निरोगी माणसाने आधीपासून नियमाने घेतली, तर विषाणूला शरीरात बस्तान मांडता येणार नाही, या कल्पनेतून संसर्गपूर्व प्रतिबंधाची पद्धत निघाली. तिला 'प्रेप' या आटोपशीर नावाने ओळखले जाते. पेरू, एक्वादोर, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि अमेरिका या सहा देशांतील २,४९९ समलिंगी पुरुष व पारलिंगी स्त्रियांवर तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी दिलेल्या गटात लागणीचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. ज्यांच्या रक्तात औषधाचा अंश खरोखरच सापडला, म्हणजे ज्यांनी ती गोळी प्रत्यक्षात पोटात घेतली होती, त्यांच्या बाबतीत तर संरक्षण ९० टक्क्यांच्याही वर गेले. गोळी गुणकारी आहे, मात्र ती घेतली गेली पाहिजे, एवढा या निष्कर्षांचा सरळ अर्थ होता.

अमेरिकेने प्रौढांसाठी या गोळीला २०१२ मध्ये मान्यता दिली. किशोरवयीनांसाठी ती मिळण्यास २०१८ साल उजाडले. ही सहा वर्षे कशात गेली? वाढत्या वयातील हाडांवर आणि मूत्रपिंडांवर औषधाचा काय परिणाम होईल, ही शंका रास्त होती. परंतु त्या शंकेचे निरसन करणारे संशोधनच अल्पवयीनांवर करण्यास कोणी सहजासहजी धजत नव्हते. ज्यांना संशोधनातून वगळावयाचे, त्यांना पुढे पुरावा नाही या कारणास्तव औषधातूनही वगळावयाचे, अशी ही विलक्षण कोंडी होती. विषाणू मात्र कोणाच्या जन्मतारखेची चौकशी करीत नाही.

चळवळीने घडविलेले धोरण

ब्राझीलमध्ये ही कोंडी फोडण्याचा यत्न झाला, हा योगायोग म्हणता येणार नाही. लष्करी राजवटीचा शेवट आणि एड्सचे आगमन या दोन घटना त्या देशात एकाच दशकात घडल्या. बाहिया राज्यातील साल्व्हादोर येथे समलिंगी नागरिकांची संघटना १९८० मध्येच उभी राहिली होती. साओ पावलो येथे एड्सविषयक पहिली स्वयंसेवी संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. १९८८ च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले आणि त्यातून सर्व नागरिकांना विनामूल्य सेवा देणारी सार्वजनिक आरोग्ययंत्रणा आकारास आली.

या काळाचे प्रतीक म्हणून एका कुटुंबाची कहाणी तेथे सांगितली जाते. समाजशास्त्रज्ञ एर्बेर्त दे सौझा, म्हणजे सर्वांचे 'बेतिन्यो', व्यंगचित्रकार हेनफिल आणि संगीतकार शिको मारियो हे तिघे सख्खे भाऊ. तिघांनाही रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार होता आणि तिघांनाही बाहेरून घेतलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली. हेनफिल आणि शिको मारियो १९८८ च्या पहिल्या काही महिन्यांतच गेले. बेतिन्यो १९९७ पर्यंत जगले आणि अखेरपर्यंत लढत राहिले. एड्स ही कोणा एका 'पापी' गटाची शिक्षा आहे, ही समजूत खोडून काढण्यात त्यांच्या संस्थेचा वाटा मोठा होता. १९९६ च्या नोव्हेंबरात संमत झालेल्या कायद्याने ब्राझीलमधील प्रत्येक रुग्णाला एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्याचे बंधन सरकारवर आले. विकसनशील देशांत असे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या देशांमध्ये ब्राझीलची गणना होते. २००० सालापर्यंत त्या देशात बारा लाख लोक बाधित होतील, असा अंदाज जागतिक बँकेने वर्तविला होता. प्रत्यक्षात तो आकडा निम्म्याच्या आसपास राहिला.

या यशाचा एक धागा भारतापर्यंत, किंबहुना मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये सीमारहित डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या दहा हजार डॉलरच्या घरातील किमतींचा पाया हादरला. २००७ मध्ये ब्राझीलने एफाव्हिरेन्झ या औषधाच्या एकस्वाला वळसा घालून सक्तीचा परवाना जारी केला, तेव्हा आरंभीचा पुरवठा भारतीय उत्पादकांकडूनच झाला. औषध स्वस्त करण्याची लढाई त्या देशाने अशा रीतीने निम्मीअधिक जिंकली होती.

उघडे दार, न येणारे पाहुणे

प्रतिबंधक गोळीही २०१८ च्या सुमारास ब्राझीलच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत मोफत मिळू लागली. तिचा लाभ घेण्यास कोण पुढे आले? प्रामुख्याने पंचविशी ओलांडलेले, सुशिक्षित आणि बव्हंशी गौरवर्णीय पुरुष. ज्या देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीयांचे बहुमत आहे आणि जेथे नव्या लागणींचा भार तरुणांवर व या वर्गांवरच अधिक आहे, तेथे हे चित्र चिंताजनक होते. कायद्याने दार सर्वांना उघडे होते. परंतु दार उघडे असणे आणि त्यातून आत जाण्याचे धैर्य होणे, यांत फरक आहे.

सतरा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या दृष्टीने या दाराचा विचार करावा. वस्तीतील आरोग्यकेंद्रात आईची ओळखीची परिचारिका असते. प्रतीक्षागृहात शेजारीण बसलेली असते. खिडकीतील कारकून मोठ्या आवाजात नाव पुकारतो आणि कोणत्या कामासाठी आलास, असे विचारतो. मुलगा पारलिंगी असेल, तर पुकारलेले नाव आणि समोर उभी राहिलेली व्यक्ती यांतील विसंगतीवर सर्वांच्या माना वळतात. जी गोष्ट त्याने जिवलग मित्रालाही सांगितलेली नाही, ती येथे परक्यापुढे, तीही चारचौघांत सांगावी लागते. असा मुलगा एकदा येईल, परत फिरेल आणि पुन्हा त्या रस्त्यालाही लागणार नाही.

घर आणि दवाखाना यांच्यामध्ये शाळा असते, आणि अशा मुलांना माहिती व आधार देण्याचे ते स्वाभाविक स्थान होय. परंतु ब्राझीलमध्ये तोही मार्ग अरुंद झाला होता. शाळेत समलिंगी मुलांची हेटाळणी होऊ नये, यासाठी शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने तयार झालेले साहित्य मे २०११ मध्ये अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांनी संसदेतील धार्मिक गटांच्या दबावाखाली रोखून धरले. पुढे २०१९ च्या मे महिन्यात, उजव्या विचारांचे सरकार आल्यानंतर, आरोग्य मंत्रालयातील संबंधित विभागाच्या नावातून 'एड्स' हा शब्दच काढून टाकण्यात आला. तो २०२३ मध्ये परत आला. शब्द गाळल्याने रोग गळत नाही, हे सांगावयास नकोच. पण शब्द गाळला गेला की त्या रोगाविषयी बोलणाऱ्या शिक्षकाचे आणि आरोग्यसेविकेचे बळ मात्र निश्चितच खचते.

तीन शहरांचा प्रयोग

ही सारी पार्श्वभूमी असताना साल्व्हादोर, साओ पावलो आणि बेलो होरिझोन्ते या तीन शहरांतील विद्यापीठांनी ब्राझील सरकारच्या सहकार्याने आणि युनिटेड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अर्थसाहाय्याने एक प्रकल्प हाती घेतला. पंधरा ते एकोणीस या वयोगटावरून त्याचे नाव 'प्रेप १५-१९' असे ठेवण्यात आले. २०१९ च्या आरंभी काम सुरू झाले. बाहिया विद्यापीठाच्या इनेस दोरादो, साओ पावलो विद्यापीठाचे अलेशांद्रे ग्रांजेरो आणि मिनास जेराइस विद्यापीठाचे दिर्सेऊ ग्रेको यांनी त्याचे नेतृत्व केले.

या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, त्याने मुलांना रुग्णालयात बोलावण्याऐवजी रुग्णालयच मुलांच्या वावरण्याच्या जागी नेले. साल्व्हादोरमध्ये शहराच्या ऐतिहासिक भागातील एका वास्तूत, जेथे समलिंगी व पारलिंगी लोकांचे सामाजिक केंद्र होते, तेथेच तपासणीची खोली थाटण्यात आली. बेलो होरिझोन्तेमध्ये ती युवककेंद्रात होती. नृत्य, नाटक, संगीत यांसाठी मुले तेथे येतच असत. युवककेंद्राच्या दारातून आत शिरणारा मुलगा नृत्याच्या तालमीला चालला आहे की गोळी घेण्यास, हे रस्त्यावरील कोणासही कळण्याचे कारण नव्हते. दिसावयास साधी असलेली ही व्यवस्था मानवी स्वभावाच्या सखोल जाणिवेतून आलेली होती.

दुसरे वैशिष्ट्य माणसांचे. डॉक्टर, परिचारिका आणि मानसोपचारतज्ज्ञ तेथे होतेच. परंतु पहिली भेट होत असे ती समवयस्क कार्यकर्त्याशी, म्हणजे त्याच समाजातून आलेल्या, त्याच अनुभवांतून गेलेल्या तरुणाशी किंवा तरुणीशी. हे कार्यकर्ते पार्ट्यांच्या ठिकाणी, चौकांत, शाळांच्या आसपास आणि मोबाइलवरील ओळखी जुळविणाऱ्या अॅपवर मुलांना गाठत. गोळी सुरू केल्यानंतर फोनवरून चौकशी करीत. 'अमांडा सेल्फी' या नावाचे एक संभाषणयंत्रही त्यांनी तयार केले होते. ते एका पारलिंगी तरुणीच्या रूपात मुलांशी त्यांच्याच बोलीत गप्पा मारी आणि लैंगिक आरोग्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देई. विचारावयास लाज वाटावी असे प्रश्न माणसापेक्षा यंत्राला विचारणे सोपे जाते, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

गोळी घेण्याची सक्ती कोणावरही नव्हती. निरोध, स्वतःच करावयाची चाचणी, संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यावर बहात्तर तासांच्या आत सुरू करावयाचा औषधोपचार, समुपदेशन, यांपैकी जे हवे ते निवडण्याची मुभा होती. गोळी निवडणाऱ्याची आधी एचआयव्हीची चाचणी होई. कारण ज्याला लागण झालेली आहे त्याने ही अपुरी औषधयोजना घेतली, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. त्यानंतर ठराविक काळाने पुन्हा चाचणी आणि मूत्रपिंडांची तपासणी. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने केंद्रांवरील वर्दळ थांबली, तेव्हा दूरध्वनीवरून सल्ला देऊन आणि एका वेळी अधिक दिवसांची औषधे देऊन हे काम चालू ठेवण्यात आले.

सही कोणाची?

प्रकल्पाची खरी कसोटी लागली ती एका कागदावर. अठरा वर्षांखालील मुलाला संशोधनात सामील करून घ्यावयाचे, तर आईवडिलांची लेखी संमती हवी, हा सर्वसाधारण नियम. नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे आणि एरवी त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. परंतु येथे तो नियम पाळावयाचा म्हणजे काय करावयाचे? मुलाने घरी जाऊन सांगावयाचे की, मला अमुक एका गोळीसाठी तुमची सही हवी आहे. आणि ती कशासाठी, हेही सांगावयाचे. जे सांगितल्यास मार बसेल, शाळा सुटेल, कदाचित घरही सुटेल, ते सांगण्याची अट घालूनच त्याला रोगापासून संरक्षण देऊ करावयाचे. रक्षणासाठी केलेला नियम अशा वेळी रक्षण नाकारण्याचे साधन बनतो.

तीन शहरांनी या पेचातून तीन वाटा काढल्या. बेलो होरिझोन्तेमध्ये पालकांची संमती आणि मुलाची संमती या दोन्ही आवश्यक ठरल्या. साल्व्हादोरमध्ये मधला मार्ग स्वीकारण्यात आला: शक्य तेथे पालकांची सही, परंतु कुटुंबाशी संबंध तुटलेले असतील, अथवा लैंगिक कल उघड झाल्यास मुलाला हिंसेचा धोका असेल, तर केवळ मुलाची सही पुरेशी. साओ पावलोमध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पालकांच्या संमतीची अट दूर झाली. एकच देश, एकच प्रकल्प, एकच गोळी. आणि सोळा वर्षांच्या मुलाला ती मिळावी की नाही, हे तो कोणत्या शहरात राहतो यावर अवलंबून. कायद्याच्या अर्थाविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात, हे मान्य करूनही या विषमतेचे समर्थन करणे अवघड आहे.

ब्राझीलच्या १९९० च्या बाल व किशोर संहितेत या प्रश्नाच्या उत्तराचे बीज होते. मूल हे केवळ कृपेचा विषय नसून स्वतः हक्कांचे धारक आहे, अशी त्या संहितेची भूमिका आहे. २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शक नियमावलीत बदल करून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि किमान ३५ किलो वजनाच्या किशोरवयीनांसाठीही ही गोळी सार्वजनिक सेवेत खुली केली. पालक बरोबर नसतील म्हणून मुलाला माघारी पाठवू नये, असा तिचा आशय आहे. तीन शहरांतील अनुभवामुळे प्रश्न केवळ चर्चेचा उरला नव्हता. अशा सेवा कशा चालविता येतात, हे दाखविता येत होते.

रोजच्या गोळीचे ओझे

तथापि, दार उघडले आणि सर्व काही सुरळीत झाले, असा समज करून घेणे चुकीचे होईल. अमेरिकेत पंधरा ते सतरा वर्षांच्या ७८ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिले तीन महिने ही मुले दरमहा तपासणीस येत होती, तेव्हा सुमारे निम्म्यांच्या रक्तात संरक्षणास पुरेसे औषध आढळले. पुढे भेटी दर तीन महिन्यांनी होऊ लागल्या आणि वर्षअखेरीस हे प्रमाण पाचवा हिस्सा इतके खाली आले. औषध तेच होते, मुलेही तीच होती. विरळ झाल्या त्या भेटी.

यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. ज्याला काही झालेले नाही अशा सोळा वर्षांच्या मुलाने रोज एक गोळी आठवणीने घ्यावी, ही अपेक्षा मुळातच जड. त्यातून ही गोळी एचआयव्हीच्या रुग्णांनाही दिली जाणारी. घरात बाटली सापडली, तर मुलाला रोग आहे असेच घरच्यांना वाटणार. म्हणून ती दप्तरात लपवावयाची, मित्राच्या घरी ठेवावयाची, कधी घ्यावयाची, कधी राहून जावयाची. या लपवाछपवीत त्याला टिकवून धरणारे कोणी असेल, तर ते 'कसा आहेस' असे विचारणारे एखादे परिचित माणूस. समाजाच्या केंद्रातील समवयस्क कार्यकर्ता हा या योजनेचा अलंकार नसून तिचा कणा आहे, असे जे म्हटले जाते ते याच कारणाने. आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकांत मात्र गोळीसाठी रक्कम असते आणि या माणसाचे मानधन पहिल्या काटकसरीतच कापले जाते.

आक्षेपांचा विचार

या साऱ्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, गोळी हाती दिल्याने मुले बेफिकीर होतील. निरोधाविषयी, संततिनियमनाच्या साधनांविषयी हाच आक्षेप पूर्वी घेतला गेला होता. गोळी इतर गुप्तरोगांपासून संरक्षण देत नाही, हे खरेच आहे. परंतु गोळीच्या निमित्ताने मुलगा नियमित तपासणीस येतो, तेव्हा ते रोगही वेळीच सापडतात आणि बरे होतात. जो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, त्याचा ना रोग कळतो ना उपचार होतो.

दुसरा आक्षेप पालकांच्या हक्काचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. मुलाच्या जीवनातील एवढा मोठा निर्णय आईवडिलांच्या अपरोक्ष व्हावा, हे कोणत्याही कुटुंबवत्सल समाजाला रुचणारे नाही. म्हणूनच साल्व्हादोरची वाट लक्षणीय ठरते. तिने पालकांना शत्रू मानले नाही. जेथे विश्वास आहे तेथे पालकांना बरोबर घेतले आणि जेथे विश्वासाऐवजी भीती आहे तेथे मुलाला एकटे सोडले नाही. घराने मुलाला जवळ घ्यावे, हे केव्हाही उत्तम; पण घर तसे होईपर्यंत मुलाने धोक्यात राहावे, असा आग्रह कोणास धरता येईल?

तिसरा आक्षेप शरीराविषयीचा. या औषधाने हाडांच्या घनतेत किंचित घट होऊ शकते आणि क्वचित मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून वजनाची अट आणि नियमित तपासणी यांचे महत्त्व आहे. प्रतिबंधक गोळी गरज असेपर्यंत घ्यावयाची असते. लागण झाली, तर औषधे जन्मभर घ्यावी लागतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे, हे पाहूनच तोल ठरवावयास हवा.

येथील गाठ

ब्राझीलमधील ही वाट भारतात जशीच्या तशी चोखाळता येईल काय? दोन देशांच्या कायद्यांतील अंतर ध्यानी घेतल्यास उत्तर सोपे नाही. ब्राझीलने १८३० च्या दंडसंहितेतच समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून वगळले होते. भारतावर ३७७ वे कलम १८६० मध्ये लादले गेले आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते दूर होण्यास ६ सप्टेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला. ब्राझीलमध्ये संमतीचे वय चौदा आहे. भारतात २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ते अठरा आहे आणि अशा संबंधाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांना शोषणापासून वाचविण्यासाठी तो कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. परंतु सतरा वर्षांचा मुलगा समुपदेशकापुढे खरे बोलला, तर समुपदेशकाने त्याला मदत करावयाची की पोलीस ठाण्याची वाट धरावयाची, असा पेच त्यातून उभा राहतो. आणि मुले मग बोलतच नाहीत.

उलटपक्षी, समाजाच्या हातून आरोग्यसेवा चालविण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच निरोधवाटपाच्या कामाचे सूत्रधार बनविले. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'हमसफर ट्रस्ट'ने समलिंगी व पारलिंगी लोकांसाठी त्यांच्याच माणसांकरवी सेवा उभारल्या. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने तर एक विलक्षण तरतूद केली: बाधित कुटुंबातील बारा वर्षांवरील समंजस मुलाला आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून काम पाहता येते. भावंडाच्या औषधपाण्याची जबाबदारी पेलण्याइतकी समज ज्या वयात असू शकते असे कायदा मानतो, त्या वयात स्वतःच्या आरोग्याविषयी बोलण्याइतकी समज असू शकत नाही, असे मानणे तर्कसंगत आहे काय, याचा विचार कायदेपंडितांनी अवश्य करावा.

दरम्यान शास्त्र पुढे चालले आहे. लेनाकापाव्हिर या औषधाचे इंजेक्शन वर्षातून केवळ दोनदा घ्यावे लागते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१७९ समलिंगी पुरुष व पारलिंगी व्यक्तींपैकी अवघ्या दोघांना लागण झाली. या चाचणीत सोळा वर्षांपासूनच्या मुलांनाही प्रवेश होता आणि ब्राझीलमधील केंद्रांचाही सहभाग होता. अमेरिकेने जून २०२५ मध्ये त्यास मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. लपवावयास बाटली नाही, रोज आठवण नाही. किशोरवयीनांसाठी याहून सोयीचे ते काय असणार? परंतु स्वस्त प्रती बनविण्यासाठी मूळ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जे परवाने दिले, त्यांच्या १२० देशांच्या यादीत ब्राझीलचे नाव नाही. परवाना मिळालेल्या सहा उत्पादकांत पुण्याची एमक्योर आहे. ज्या देशातील तरुणांनी चाचणीसाठी दंड पुढे केले, त्यांना पुण्यात बनणारे स्वस्त इंजेक्शन मिळणार नाही, हा या व्यवहारातील विदारक भाग होय. किमतीची जी लढाई २००७ मध्ये जिंकली गेली असे वाटले होते, ती पुन्हा लढावी लागणार, असा याचा अर्थ आहे.

आणि किंमत उतरली, तरी इंजेक्शन टोचून घेण्यासाठी वर्षातून दोनदा का होईना, कोणत्या तरी दारातून आत जावेच लागेल. त्या दाराशी कोण बसलेले असेल, ते कोणत्या नावाने हाक मारील आणि कोणाची सही मागेल, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेतून येणार नाहीत. ती शिक्षक, परिचारिका, न्यायाधीश, कारकून आणि आईबाप यांच्याकडूनच यावयाची आहेत.